गाडगेबाबांचा खराटा, कुंताबाईंचं अंगण

गोष्ट 2002 सालच्या हिवाळ्यातली. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान राज्यात सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आमच्या इंदापूर तालुक्यात गावागावांची चढाओढ लागली होती. निरवांगीतही तपासणीची समिती येणार म्हणून एकच धांदल. उकिरडे गावाबाहेर गेले, गटारी उपसल्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. एरवी कधी केरसुणीला हात न लावणारी पुरुषमाणसं खराटे घेऊन फोटोला उभी राहिली! रंगाऱ्यानं भिंतीवर बाबांचं चित्र काढलं. डोक्यावर गाडग्याची खापरी, अंगावर चिंध्या, हातात खराटा.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या चित्रापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घरी येताना त्यांनी मला विचारलं, की हा बाबा अख्ख्या मुलखाची घाण झाडत फिरला, तर ह्याचं स्वतःचं अंगण कोण झाडत होतं? बाईलमाणूस होतं का घरात?

मला उत्तर देता आलं नाही. शाळेत धडा होता, जयंतीला भाषणं ऐकली होती, पण बाबांना बायको होती की नाही हे काही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. तेव्हापासून हाताला लागेल ते त्यांच्याविषयीचं वाचत आले. आज ते तुम्हाला सांगते आहे, पण आत्याबाईंचा प्रश्न मनात धरूनच.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. जात परटाची. वडील झिंगराजी कष्टाळू, पण दारूनं त्यांना गिळलं. घर गेलं, तब्येत गेली आणि डेबू आठेक वर्षांचा असताना तेही गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुरे गावी भावाकडे आली. लहानपणी दारूनं बसलेला हा चटका डेबूजी पुढं जन्मभर विसरला नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या बाटलीपायी मोडलेले संसार कमी का आहेत? मला तर वाटतं, बाबांच्या सगळ्या कामाचं मूळ सखुबाईंच्या त्या मोडलेल्या संसारातच आहे.

मामाच्या घरी डेबूजीनं गुरं राखली, नांगर धरला, पट्टीचा शेतकरी झाला. 1892 साली कुंताबाईंशी लग्न झालं. पुढं सावकारानं कागदपत्रांत फसवून मामाची जमीन घशात घातली तेव्हा हा अडाणी पोरगा सावकाराच्या माणसांपुढं शड्डू ठोकून उभा राहिला. अक्षर येत नसलं की माणूस कसा नागवला जातो, ते तिथं कळलं. म्हणून तर पुढं कीर्तनात ते सांगत, की भांडं मोडून खा, लुगडं कमी किमतीचं घ्या, पण पोराला शाळेत घाला.

ह्या संसारातला एक प्रसंग मला फार आवडतो. मुलीच्या बारशाला जातभाई जमले. रिवाजाप्रमाणं मटण आणि दारू हवी, मग त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी बेहत्तर! डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं, बुंदीचे लाडू वाढले. पंगतीत कुजबूज झाली, माणसं रागावली. पण त्यानं ऐकलं नाही. आणि बघा, हे सगळं मुलीच्या बारशाला. त्या काळी मुलीचं बारसं एवढं मनावर घेणारे बाप किती असतील?

असा हा घरातला माणूस 1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडला. वय 28. घरात म्हातारी आई, तरणी बायको, लेकरं. अंगावर फाटकं नेसू, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. ह्या गाडग्यानंच पुढं नाव दिलं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरलं की कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचं. गटार तुंबलेली दिसली की उपसायची. कामाच्या बदल्यात भाकरी मिळाली तर गाडग्यात घ्यायची, आणि संध्याकाळी जमलेल्या माणसांपुढं कीर्तनाला उभं राहायचं. हार-तुरे घेऊन लोक पाया पडायला आले की बाबा त्या गावातून निघालेच म्हणून समजा.

आता इथं थोडं थांबते, कारण झाडणं म्हणजे नुसतं नीटनेटकेपणासाठी, असं आपल्याला वाटतं. त्या काळी ते तसं नव्हतं. पटकीची साथ म्हणजे काय हे आत्याबाईंनी लहानपणी ऐकलं होतं. त्यांचे एक चुलत आजोबा पंढरीच्या वाटेवर पटकीनं गेले. सकाळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत माणूस संपला. तुकोबांची पालखी आपल्याच तालुक्यातून सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. हजारो माणसं एकाच वाटेवर, एकाच ओढ्याचं पाणी पिणार आणि त्याच ओढ्याकाठी बसणार. पटकीला दुसरं काय लागतं? जुलाबातले जंतू पाण्यात उतरतात, तेच पाणी पुढच्या गावचा माणूस पितो. हे लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी 1854 साली शोधून काढलं होतं, आणि पुढं 1884 साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला. पण आपल्या खेड्यांत तोवर आणि त्यानंतरही साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. कोंबडं-बकरं कापायचं, गाड्यात देवी ठेवायची आणि गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. म्हणजे रोग आपल्या गावातून गेला, आता त्यांनी बघावं!

बाबांनी ह्या गोष्टीवर कीर्तनात आसूड ओढला. त्यांना जंतूचं नाव कुणी शिकवलं नव्हतं. पण घाण, माशी, गढूळ पाणी आणि आजार ह्यांचा सांधा त्यांनी डोळ्यांनी पाहून जुळवला होता. नवस बोलून आजार जात नाही, बकऱ्याचा जीव घेऊन आपलं पोर वाचत नाही, हे ते अडाण्यातल्या अडाण्याला पटेल असं वऱ्हाडी बोलीत सांगायचे. सांगायचे म्हणजे, प्रश्न विचारायचे. लोकांनीच उत्तर द्यायचं, आणि उत्तर देता देता आपलंच हसू आपल्याला यायचं. दिवसा खराट्यानं रस्ता साफ, रात्री कीर्तनानं डोकी साफ. सरकारी आरोग्य खात्याचा माणूस ज्या गावात वर्षानुवर्षं फिरकत नव्हता तिथं हे एक चालतं-बोलतं आरोग्य खातं फुकटात पोचत होतं.

विदर्भात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नदीच्या चिखलात माणसं रुतायची, बायकांचे तर अंघोळ करताना फारच हाल व्हायचे. बाबांनी तिथं घाट बांधायला घेतला. लोकांकडून पै-पैसा, अंगमेहनत गोळा केली. त्यांचं सार्वजनिक बांधकाम सुरू झालं ते असं, नदीवर नीट उतरता यावं म्हणून. पुढं देहू, आळंदी, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्रं चालली. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला टेकायला जागा मिळत नसे, तो चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर पडायचा. त्याच्यासाठी बाबांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊनही टाकली. स्वतः बाबा पंढरीला गेले की देवळात जायचे नाहीत. वाळवंट झाडायचे.

आणखी एक काम मला फार मोलाचं वाटतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात खेड्यातला रोगी दाखल होतो, पण त्याच्या बरोबरचं माणूस कुठं राहणार? आपल्यापैकी ज्यांनी घरचा पेशंट घेऊन पुण्याला-मुंबईला रात्री काढल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. व्हरांड्यात पदर अंथरून पडायचं, डबा कुठं तापवायचा, अंघोळ कुठं करायची, आणि बाईमाणसानं रात्री संडासला कुठं जायचं? बाबांनी हे ओळखलं. जे.जे. हॉस्पिटलजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या माघारीही ते काम चालू राहिलं. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे गरीब रोगी आणि त्यांच्या बरोबरची माणसं राहतात. औषध डॉक्टर देतात, पण रोग्याला धीर देणारं माणूस उभं राहिलं पाहिजे ना! त्या माणसाचा विचार करणारे फार थोडे.

हे सगळं वाचताना मी भारावून गेले, खोटं कशाला बोलू. पण आत्याबाईंचा प्रश्न काही सुटेना.

चरित्रांमध्ये कुंताबाई दोन-चार पानांत भेटतात. नवरा गेला, कुठं गेला ठाऊक नाही. मग कधीतरी यात्रेत असा असा एक झाडणारा साधू दिसला, अशी बातमी. घरची माणसं शोधत भेटायला गेली, रडली, पण ते घरी परतले नाहीत. पुढं लाखांनी पैसा त्यांच्या हातून धर्मशाळांना गेला, पण त्यातली दमडीही घरच्यांसाठी नाही. संस्थांवर आपल्या नातेवाइकांचा हक्क असणार नाही, हे त्यांनी कसोशीनं पाळलं. आजच्या पुढाऱ्यांच्या पंगतीत हे उठून दिसतं, नाही का? एका मनानं मी त्यांना हात जोडते. दुसरं मन म्हणतं, की तो पैसा नाकारायला कुंताबाईंना कुणी विचारलं होतं? त्याग बाबांनी ठरवला. त्याचा अर्धा भार ज्या बाईनं उचलला तिनं तो निवडला नव्हता. शेतातलं काम, सासूचं म्हातारपण, लेकरांची आजारपणं, हे सगळं तिनं केलं, आणि भिंतीवरच्या चित्रात ती कुठंच नाही.

आणि मग 1923 सालचा मे महिना. बाबा तेव्हा कोकणात होते, खारेपाटणला कीर्तन चालू होतं. इकडे वऱ्हाडात त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. कुत्रा चावल्याचं निमित्त झालं. बातमी कीर्तनातच आली. बाबा हलले नाहीत. जगात रोज किती लेकरं मरतात, मी एकासाठी किती रडू, अशा अर्थाचं बोलून त्यांनी कीर्तन पुढं चालू ठेवलं. बहुतेक भाषणांत हा प्रसंग बाबांच्या वैराग्याचा कळस म्हणून सांगतात. मी बाईमाणूस, माझं चित्त खारेपाटणात रमतच नाही. ते जातं त्या घरात, जिथं आईच्या डोळ्यांदेखत पोरगं गेलं. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर ज्यांनी माणूस जाताना पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. घसा आवळतो, पाण्याचा पेला पुढं केला तरी रोगी घाबरतो. एकदा ही लक्षणं दिसली की तेव्हा उपाय नव्हता, आणि आजही नाही.

वाईट ह्याचं वाटतं, की इलाज जगात होता. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1885 सालीच एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचून वाचवलं होतं. भारतात 1900 साली कसौलीला आणि 1907 साली कुन्नूरला ह्या लशीच्या संस्था निघाल्या होत्या. पण कसौली हिमालयाच्या पायथ्याला, कुन्नूर निलगिरीत! वऱ्हाडातल्या खेड्यातल्या आईनं पोराला घेऊन कुठं जायचं, कुणाबरोबर, कुठल्या पैशानं? ज्ञान होतं, पण ते तिच्या दारापर्यंत पोचलं नव्हतं.

बाबांनी त्यानंतरही तेहतीस वर्षं काम केलं. कुष्ठरोग्यांजवळ कुणी फिरकत नसे, तिथं ते जाऊन बसायचे, त्यांना अंघोळ घालायचे, कपडे द्यायचे. 1952 साली सगळ्या संस्थांचा मिळून गाडगे महाराज मिशन हा ट्रस्ट झाला. 6 डिसेंबर 1956 ला डॉ. आंबेडकर गेले, त्याचा त्यांना मोठा धक्का बसला. आजारी होतेच. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांनी प्राण सोडला. घरात नाही, मठात नाही, रस्त्यावर. जन्मभर ज्या रस्त्यांवर राहिले, तिथंच.

आता आमच्या गावाकडं येते. त्या 2002 च्या तपासणीत बक्षीस कुणाला मिळालं, ते सोडा. आम्हा बायकांना मिळालं ते वेगळंच होतं. त्या धांदलीत आमच्या आळीत पहिल्यांदा घरोघरी संडास बांधायचा विषय निघाला. तोवर आम्ही काय करत होतो? पहाटे अंधार असताना टमरेल घेऊन उसाच्या कडेला, नाहीतर रात्री दिवस मावळल्यावर. रस्त्यानं गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं, उजेड गेला की पुन्हा बसायचं. पावसाळ्यात चिखल आणि विंचू-काट्याची भीती. दिवसा जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं, दुपारी भाकरीसुद्धा आखडती खायची. मी थोरल्याच्या वेळी सातव्या महिन्यात तापानं फणफणले होते. लघवीला जळजळ, कंबर धरलेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि दिवसातून किती पाणी पितेस, एवढंच विचारलं. मी सांगितलं, दोन तांबे. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असणार. पाणी कमी प्यायलं, लघवी दाबून ठेवली की जंतूंना आयतंच फावतं, आणि गरोदरपणी तो संसर्ग पोटातल्या बाळालाही जाचतो, हे मला फार उशिरा कळलं.

संडास झाला तेव्हा आमच्या घरात मोठा वाद झाला होता. मामंजींचं म्हणणं, घराच्या दारात ही घाण कशाला? एवढ्या पैशात बोअरचा हप्ता जाईल. एरवी मामंजींपुढं चकार शब्द न काढणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी बोलल्या. भिंतीवर बाबाचं चित्र काढून त्याला हार घालता, आणि घरातल्या बाईला अंधारात पाठवता, मग चित्र पुसून टाका, असा एकूण त्यांच्या बोलण्याचा रोख. महिन्याभरात खड्डा खणला गेला! पुढं काही वर्षांनी गावागावांत पहाटेची गुड मॉर्निंग पथकं फिरायला लागली तेव्हा आम्ही दोघी हसायचो. पथक पुरुषांचं, शिट्ट्या पुरुषांच्या, आणि धावपळ व्हायची ती बहुतेक बायकांची. वारीच्या वाटेवर फिरते संडास यायला मात्र 2015 साल उजाडावं लागलं.

आणि खराटा? तो फोटोपुरता पुरुषांच्या हातात होता. समिती गेली, दुसऱ्या दिवशी तो परत आमच्या हातात आला. बाबांनी चारचौघांत, भर रस्त्यात, पुरुषाच्या हातानं झाडून दाखवलं, ही मला त्यांची सगळ्यात मोठी करामत वाटते. चिंध्या, गाडगं, कवडी हे सगळं लोकांच्या लक्षात राहिलं. ही गोष्ट मात्र लोक सोयीनं विसरले.

आत्याबाई आता नाहीत. मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातवाला वस्तीवरचं कुत्रं पोटरीला चावलं. शेजारणीनं लगेच तिखट भरायला सांगितलं, कुणी चुना म्हणालं, कुणी उतारा टाकणाऱ्याचं नाव घेतलं. मी कुणाचं ऐकलं नाही. आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम धुतली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पट्टी बांधली नाही, काही चोळलं नाही. आणि पोराला मोटारसायकलवर मधे बसवून सरळ सरकारी दवाखाना गाठला. ही लस सरकारी दवाखान्यात पैसे न घेता मिळते. जखम खोल असली, रक्त आलं असलं, तर लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेभोवती द्यावं लागतं. ते तिथं नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात, तेव्हा जायचा कंटाळा करू नये. आणि एक टोचून घेतलं, पोरगं खेळायला लागलं, म्हणून पुढच्या तारखा बुडवायच्या नाहीत. चूक तिथंच होते.

नर्सबाईंनी कार्डावर तारखा लिहून दिल्या. पोरगं रडून रडून माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी कार्ड पदराला बांधलं आणि का कोण जाणे, मला गोविंदाची आई आठवली. घरी आल्यावर ते कार्ड देवळीत, आत्याबाईंच्या फोटोमागं खोचून ठेवलं. शेवटच्या तारखेला सून म्हणाली, आज खुरपणीला बायका सांगितल्यात, उद्या गेलं तर नाही का चालणार? मी मुलाला हाक मारली. खुरपणी बायका बघून घेतील, पोराला तू घेऊन जा, म्हटलं. तो गेला.